आर.ई.एम.पर्यंत पोचवणाऱ्यांचे जाहीर आभार

आर.ई.एम. हा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा बँड. 1980 साली सुरू झाला, 2011 मध्ये थांबला. माझं प्रेम मात्र कॉलेजपासून आजतागायत टिकून आहे. ज्यांच्यामुळे ते जडलं त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

पुण्यातल्या हॉस्टेलवर कुणा सीनियरने मागे ठेवलेली ती कॅसेट! लेबलवर निळ्या बॉलपेनने, बारीक अक्षरात लिहिलेली गाण्यांची नावं. टेप खरखरायची, तरी पीटर बकची गिटार लख्ख ऐकू यायची, एकेक तार सुटी छेडलेली. गायक मायकल स्टाइपचे सुरुवातीच्या गाण्यांतले शब्द धड कळत नाहीत, पण त्यावाचून माझं कधीच अडलं नाही. आणि माइक मिल्सची मागून गायलेली साथ म्हणजे माझ्या मते निम्मं गाणं.

अडकलेली टेप पेन्सिलीने हळूहळू गुंडाळून देणारे दुकानदार काका, रात्री उशिरापर्यंत ही गाणी सोसणारे शेजारी, 1997 मध्ये ड्रमर बिल बेरी बँड सोडून गेला तेव्हा त्या बातमीचं कात्रण माझ्या दाराखालून सरकवणारं कुणीतरी, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. कधी ओळख पटली तर हक्काने घरी या. 1983 चा पहिला अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत ऐकू.