कृष्णाकाठच्या बागेतल्या माळीकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सांगलीत आयर्विन पुलाजवळ नदीकाठच्या बागेत एक बाई आणि तिचा सहावीतला मुलगा गळ्यात दुर्बीण अडकवून फिरत होते, आठवतंय ना? ती मी. निघायच्या गडबडीत तुमचे धड आभारही मानले नाहीत.

आम्हाला रानचिमणी बघायची होती. आधीचे दोन रविवार रिकामे गेले होते. साळुंक्या, बुलबुल, पाणकावळे सगळे भेटले, ती तेवढी नाही. घरच्या चिमणीसारखी तीही मातीत दाणे टिपत असेल, असं धरून आम्ही हिरवळ नि बाकांखालची जागा धुंडाळत होतो. तुम्ही पाण्याचा पाइप खाली टाकून आलात. म्हणालात, "ताई, खाली काय बघताय? ती शेंड्याला बसती. आधी आवाज ऐका."

मग आपण तिघं शिरीषाखाली गप्प उभे. चिलप, चिलप... चिमणीचाच आवाज, पण गोड. वठलेल्या फांदीवर नर बसला होता. अंग मातकट, खांद्याला विटकरी रंग, पंखावर पांढरी रेघ. मान उंचावली तेव्हा कुठे गळ्यावरचा पिवळा ठिपका दिसला, हळदीचं बोट टेकवल्याएवढा.

"आई, सलीम अलींची हीच ना?" पोराला ती गोष्ट पाठ आहे. १९०८ साली, पुढे मोठा पक्षितज्ज्ञ झालेल्या लहानग्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली, तिचा गळा पिवळा कसा म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडलं. ते पुस्तकातलं पाखरू आता त्याच्या डोक्यावर बसलं होतं, जिवंत.

पण खरे आभार त्या फांदीचे. ती तोडा, असं तुम्हाला कितीदा सांगितलं गेलं, हे तुम्ही सहज बोलून गेलात. तिच्यात तांबट पक्ष्याने कोरलेली ढोली आहे. रानचिमणीला स्वतःला लाकूड कोरता येत नाही, दुसऱ्याने सोडलेल्या किंवा आयत्या मिळालेल्या ढोलीत ती गवत-पिसं भरून घर करते. म्हणून तुम्ही खालची पायवाट दोरी लावून बंद केलीत आणि फांदी राखलीत. हे मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. बागेत येणाऱ्यांनी ती दोरी ओलांडू नये आणि वाळकं लाकूड म्हणून तक्रारही करू नये.

येत्या रविवारी आम्ही येतोय. तुम्ही आजवर तिला नुसत्या डोळ्यांनी पाहिलंत. या खेपेला दुर्बीण आधी तुमच्या हातात.

तुमची,
विश्रामबागेतली ताई