बेचाळीस विजेतेपदे वाचायची कशी?

मा. संपादक,
स. न.

राष्ट्रीय महिला हँडबॉल स्पर्धेचा निकाल वर्तमानपत्रात बहुधा दोन वाक्यांत उरकतो. कोणी कोणाला किती गोलांनी हरवले, हे पहिले वाक्य. आणि हे विजेत्यांचे कितवे विजेतेपद, हे दुसरे. पहिल्यात सहसा चूक नसते. घोळ दुसऱ्यात असतो, कारण 'कितवे' हा आकडा कुठून मोजायचा, कोणत्या स्पर्धेचा मोजायचा आणि कोणाच्या नावावर मोजायचा, या तिन्ही गोष्टी त्यात गृहीत धरलेल्या असतात.

राष्ट्रीय विजेतेपदांच्या यादीतला सर्वांत प्रसिद्ध आकडा ऑस्ट्रियाचा आहे. व्हिएन्नाला दक्षिणेकडून लागून असलेल्या मारिया एन्झर्सडॉर्फ गावात स्युडश्टाट नावाची वसाहत आहे. तिथल्या क्लबने १९७७ पासून २०१८ पर्यंत एकही वर्ष न चुकता ऑस्ट्रियाचे विजेतेपद मिळवले. सलग ४२. क्लबचे परिचित नाव हायपो नीडरओस्टराइख. यातले 'हायपो' हे पुरस्कर्त्या बँकेचे नाव; सुरुवातीच्या वर्षांत हाच क्लब अडमिरा लांडहाउस म्हणून खेळत असे. गुन्नार प्रोकोप आणि त्यांच्या पत्नी लीझे प्रोकोप यांनी तो वाढवला. लीझेबाईंनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉनचे रौप्यपदक मिळवले होते आणि पुढे २००४ मध्ये त्या ऑस्ट्रियाच्या गृहमंत्री झाल्या. एका हँडबॉल क्लबला प्रांताच्या राजकारणात आणि बँकेत एवढी ओळख असणे काय देऊन जाते, ते वेगळे सांगायला नको.

पण ४२ हा आकडा एकसंध नाही. त्याचे तीन तुकडे पाडा. १९७७ ते १९८८ ही पहिली १२ वर्षे: देशात पहिला क्रमांक, युरोपचा करंडक एकदाही नाही. १९८९ ते २००० ही पुढची १२ वर्षे: देशातली १२ विजेतेपदे आणि जोडीला युरोपातील विजेत्या क्लबांच्या स्पर्धेचे आठ करंडक (१९८९, १९९०, १९९२ ते १९९५ सलग चार, १९९८ आणि २०००). मग २००१ ते २०१८: देशात पुन्हा १८, त्या करंडकापैकी शून्य. म्हणजे यादीतला सर्वांत लांब तुकडा हा सर्वांत दुबळ्या काळाचा आहे. घरी कोणी हरवत नव्हते, कारण घरी हरवण्याजोगे दुसरे कोणी उभेच राहिले नव्हते. मधला तुकडा घडला तो परदेशी खेळाडूंच्या बळावर. लिथुआनियाची आउश्रा फ्रिडरिकास तिथे आली, ऑस्ट्रियाची नागरिक झाली आणि १९९९ ची जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रियाला कांस्यपदक मिळाले. शेवटच्या तुकड्यातही असाच एक प्रयोग झाला: ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातल्या बऱ्याच जणी करार करून या क्लबकडून खेळल्या. ब्राझील डिसेंबर २०१३ मध्ये जगज्जेता झाला. फायदा झाला तो ब्राझीलचा. २०१९ मध्ये आट्झगर्सडॉर्फ या व्हिएन्नाच्याच क्लबने ही साखळी तोडली, तेव्हा तिकडे धक्का बसला म्हणतात. खरे तर आश्चर्य एवढेच होते की त्याला इतकी वर्षे लागली.

याच्या शेजारी कीव्हचा स्पार्टाक हा क्लब ठेवून पाहा. १९६९ ते १९८८, सोव्हिएत संघाची सलग २० विजेतेपदे. आकडा निम्म्याहून कमी. पण त्याच काळात युरोपचे करंडक १३. इगोर तुर्चिन यांनी १९६२ मध्ये शाळकरी मुलींना घेऊन हा संघ बांधला आणि पुढे राष्ट्रीय संघही त्यांच्याच हाती आला. १९७६ आणि १९८० च्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या संघांचा कणा स्पार्टाकचा होता. त्यामुळे 'क्लबने देश जिंकला' असे म्हणण्यापेक्षा 'राष्ट्रीय संघच वर्षभर क्लबच्या नावाने खेळत होता' हे वर्णन जास्त खरे. अशा ठिकाणी सलग विजेतेपदे हा चमत्कार नसतो, ती रचना असते. तरीही आमच्या मते कीव्हचे २० हे स्युडश्टाटच्या ४२ पेक्षा जड आहेत.

जर्मनीची यादी तर आणखी अवघड. महिलांच्या या खेळाचे पहिले नियम बर्लिनमध्ये माक्स हायझर यांनी ऑक्टोबर १९१७ मध्ये घातले, म्हणजे आधुनिक हँडबॉल तिथे बायकांचा खेळ म्हणूनच सुरू झाला. (पुरुषांसाठी तो रांगडा करून घेतला कार्ल शेलेन्झ यांनी, दोन वर्षांनी.) पण यादी करायला बसले की लक्षात येते, मैदानी हँडबॉल फुटबॉलच्या मैदानावर ११-११ जणींचा आणि सभागृहातला ४० × २० मीटरवर सात-सात जणींचा. काही काळ दोन्हींचे वेगवेगळे विजेते होते. एकाच वर्षी दोन 'राष्ट्रीय विजेते' दिसले तर ती छपाईची चूक समजू नये. युद्धानंतर पूर्व आणि पश्चिम अशा दोन याद्या. पश्चिमेत १९७५ मध्ये बुंडेसलिगा ही राष्ट्रीय साखळी स्पर्धा आली ती उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत. विजेता गटसाखळीनंतरच्या लढतींतून ठरे. १९८५ पासून एकच गट. पूर्वेकडचा लाइपझिगचा संघ १९६६ आणि १९७४ मध्ये युरोपचा विजेता होता. त्याचाच वारसा सांगणाऱ्या क्लबला २०१७ मध्ये पैशांअभावी परवाना नाकारला गेला. अलीकडचे उदाहरण बीटिगहाइमचे. हाच संघ २०२४-२५ चा हंगाम 'लुडविग्सबुर्ग' या नव्या नावाने खेळला, विजेता झाला आणि २०२५ च्या जुलैमध्ये दिवाळखोरीत गेला. नाव बदलले म्हणून यादीत दोन क्लब दाखवायचे का? नाही. पण तळटीप हवीच.

नॉर्वेचे थोडक्यात: लार्विकची २००५ ते २०१७ सलग १३, मग क्रिस्टियानसांडचा वायपर्स हा क्लब. युरोपात २०२१, २०२२, २०२३ असे लागोपाठ तीन करंडक, आणि जानेवारी २०२५ मध्ये ऐन हंगामात दिवाळे. संघ मधेच बाहेर पडला की त्याचे झालेले निकाल ठेवायचे की पुसायचे, हे त्या लीगच्या नियमावलीत असते. ते पाहिल्याशिवाय गुणतक्ता छापू नये.

आता आपल्याकडे. भारतीय हँडबॉल महासंघ १९७२ चा, रोहतकच्या जगतसिंह चौहान यांच्या पुढाकारातून झालेला. आपली अडचण क्लबांची नाही, 'राष्ट्रीय' या शब्दाची आहे. महासंघाची वरिष्ठ गट स्पर्धा राष्ट्रीय. कनिष्ठ आणि उपकनिष्ठ याही राष्ट्रीय. १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धाही राष्ट्रीय. गोव्यात २०२३ मध्ये झालेली ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, तीही राष्ट्रीय. बातमीत सगळ्यांना एकच शब्द लागतो आणि पाच वर्षांनी कोणी कात्रणे जुळवायला बसले की एका राज्याची विजेतेपदे दुप्पट होतात. खेळही सारखा नसतो. मोठ्या मुली आणि महिला खेळतात तो चेंडू ५४ ते ५६ सेंटीमीटर घेराचा, ३२५ ते ३७५ ग्रॅमचा. १४ वर्षांखालील मुलींचा ५० ते ५२ सेंटीमीटरचा, २९० ते ३३० ग्रॅमचा. मोठ्यांना तीस-तीस मिनिटांचे दोन डाव, १२ ते १६ वयाला पंचवीस-पंचवीसचे. तेव्हा गोलसंख्येची तुलना करताना गट लिहिलाच पाहिजे.

दुसरा पेच रेल्वेचा. कबड्डी, खो-खोच्या वाचकांना तो चांगला माहीत आहे. रेल्वेत नोकरीला असलेली मराठी मुलगी महासंघाच्या स्पर्धेत रेल्वेकडून खेळते. २०२३ च्या गोव्यातल्या पदकतक्त्यात मात्र सेनादल होते, रेल्वे नव्हती. म्हणजे तीच खेळाडू एका ठिकाणी स्वतःच्या राज्याविरुद्ध आणि दुसऱ्या ठिकाणी राज्याकडून. महाराष्ट्राच्या हँडबॉलची ताकद फक्त 'महाराष्ट्र' या नावापुढच्या विजेतेपदांवरून मोजली तर ती कमीच भरणार. संघाच्या यादीत प्रत्येकीचे मूळ राज्य कंसात द्यावे, एवढी साधी सोय पुरेशी आहे.

निकाल छापताना सर्वांत जास्त गफलत होते ती गटसाखळीत. समजा अ ने ब ला एका गोलाने हरवले, ब ने क ला सहाने, क ने अ ला तीनने. चौथ्या, कच्च्या ड संघाला अ ने आठने, ब ने दहाने आणि क ने पंचवीसने हरवले. तिघांचे गुण सारखे. एकूण गोलफरक काढला तर क +२२, ब +१५, अ +६. गटातले दोनच संघ पुढे जाणार असतील तर क आणि ब उपांत्य फेरीत. पण आंतरराष्ट्रीय पद्धतीने आधी बरोबरीतल्या तिघांचेच आपसातले सामने बघायचे असतात. तिथे ब +५, अ −२, क −३. आता ब पहिला, अ दुसरा, आणि पंचवीस गोलांनी जिंकलेला क घरी. कोणती पद्धत, ते स्पर्धेच्या पत्रकात लिहिलेले असते; ते न वाचता 'गोलफरकाच्या जोरावर' असे लिहू नये.

बाद फेरीत बरोबरी झाली तर पाच-पाच मिनिटांचे दोन डाव जादा, तरी बरोबरी राहिली तर तसेच आणखी दोन, आणि मग सात मीटरवरून पाच-पाच फेका. काही स्पर्धांत जादा वेळ गाळून थेट फेकांवर येतात. अशा सामन्याचा निकाल '२४-२४, फेकांवर ५-४' असा छापावा. तो '२९-२८' असा आला की पुढच्या माणसाला वाटते, साठ मिनिटांतच सामना संपला. मध्यंतराचा गुणफलकही हवा. २०२२ पासून संथ खेळाची (गोलाचा प्रयत्न न करता चेंडू नुसता खेळवत ठेवल्याची) सूचना पंचांकडून मिळाल्यावर सहाऐवजी चारच पास देता येतात, त्यामुळे मागे पडलेल्या संघाला चेंडू लवकर परत मिळतो आणि मध्यंतराची पाच-सहा गोलांची आघाडी पूर्वीसारखी भक्कम राहिलेली नाही. नुसत्या अंतिम आकड्यात ते कळत नाही.

आणखी एक. हंगाम दोन वर्षांत पसरलेला असेल तर १९८४-८५ ला १९८५ म्हणायचे, असा सर्वत्र रिवाज आहे; तोच शेवटपर्यंत पाळावा. २०२० मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियाने महासाथीमुळे हंगाम विजेत्याविना थांबवला, तर डेन्मार्क आणि नॉर्वेने आघाडीवरच्या एस्बिएर्ग आणि वायपर्स या क्लबांना विजेतेपद देऊन टाकले. तक्ता छापताना पहिल्या दोन देशांपुढची ती जागा कोरी ठेवावी. तिथे आदल्या वर्षीच्या विजेत्याचे नाव पुढे ओढून 'सलग' म्हणू नये.

आपले,
हँडबॉलच्या नोंदी ठेवणारे काही वाचक
सांगली