आखाजीला पोर कोणाकडे? वकीलताईंना उघडं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

संमतीच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल परवा हातात पडली. पहिली पानं कोणी वाचलीच नाहीत, थेट कलम आठ काढलं. 'मुलगी दरवर्षी आखाजीच्या आदल्या संध्याकाळपासून आखाजीच्या संध्याकाळपर्यंत आईकडे राहील, मग ती तारीख शाळेच्या दिवसांत येवो वा सुट्टीत.' आखाजी म्हणजे आपल्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई मांडतात तो सण. कोर्टाच्या कागदावर हा शब्द टाइप झालेला आम्ही विधी स्वयंसेविकांनी पहिल्यांदा पाहिला. पोरीची आई ते पान मांडीवर घेऊन किती तरी वेळ बसली होती. तुम्ही तेव्हा दुसऱ्या कोर्टात होतात, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी हे प्रकरण दोन हातांतून गेलं होतं. नावं घेत नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. पहिला हात बैठकीचा. चार जाणती माणसं, चहा, आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर फारकत. पूर्वी हाच कागद १०० च्या स्टॅम्पवर व्हायचा, महाग झाला म्हणून खरा झाला नाही. खाली लाल शिक्का दिसला की लोकांना वाटतं, झालं, मोकळे. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडायला कोर्टाचा हुकूमनामा लागतो. कलम २९ मध्ये रूढीच्या घटस्फोटाला जागा आहे, पण ती रूढी पुराव्यानिशी शाबीत करावी लागते, आणि 'आमच्यात असंच चालतं' हा पुरावा होत नाही. नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरा कुटुंबांची गोष्ट निराळी. अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागूच नाही, तिथे पंच, देज म्हणजे वधूमूल्य परत करणं, जमातीची रीत हे सगळं खरंच मोजलं जातं. हे जोडपं त्या जमातीचं नव्हतं. त्या स्टॅम्पच्या भरवशावर दोघांतल्या कोणीही दुसरं लग्न केलं असतं तर ते रद्दबातल ठरलं असतं, वर गुन्ह्याची टांगती तलवार. बैठकीतल्या चौघांपैकी एकही जण त्या दिवशी कोर्टात उभा राहिला नसता.

दुसरा हात आधीच्या वकिलांचा. पोटगीचा हुकूम झाला होता. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ म्हणायचं, १ जुलै २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. नवऱ्याने पैसे थकवले आणि वसुलीचा अर्ज दाखल न होताच पडून राहिला चौदा महिने. रक्कम देय झाली त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच तिच्यासाठी वॉरंट निघतं. म्हणजे सगळ्यात जुन्या दोन महिन्यांचे पैसे या वाटेने गेले ते गेले. एका महिन्याच्या थकबाकीला एक महिन्यापर्यंत कैद, एवढी धार त्या कलमाला आहे, पण तारीख हुकली की बोथट. तुम्ही त्या माउलीला एवढंच सांगितलंत की कॅलेंडरवर दर महिन्याला पैसे आले की हिरवी टिकली, नाही आले की लाल, आणि लाल टिकल्या सहा झाल्या की माझ्याकडे ये, बारा होऊ देऊ नकोस.

मग तडजोडीच्या अटींचा तयार मसुदा आला. दुसऱ्या कुणाच्या प्रकरणाचा, नावं बदललेला. एका ठिकाणी 'मुलगी' आणि पुढच्याच ओळीत 'सदर मुलगा'. सुट्टीच्या कलमात 'दिवाळी व नाताळ'. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नाताळची लांब सुट्टी कोणी पाहिलीय? मुंबईच्या कुठल्या तरी जोडप्याचा कागद आमच्या पोरीच्या अंगावर चढवला होता, आणि टायपिस्ट सहीसाठी पेन पुढे करून उभा.

ते पेन तुम्ही घेतलंत, टोपण लावलंत आणि पर्समध्ये टाकलंत. खुर्ची ओढून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलात. "बाई, याम्हा काय लिखेल शे, तुले समजनं का?" तिने मान हलवली. सगळ्याच हलवतात. तुम्ही त्या मानेवर विश्वास ठेवला नाहीत. एकेक कलम आधी मराठीत वाचलंत आणि मग अहिराणीत सांगितलंत. अकरा कलमं, पाऊण तास, व्हरांड्यातला पंखा बंद. आठव्या कलमाशी थांबलात.

"आखाजीले पोर कोनाकडे ऱ्हाई?"

कोणी काही बोललं नाही. तिने पहिल्यांदा तोंड वर केलं. भिंतीला टेकलेला नवराही सरळ उभा राहिला. "मनी बहीन येस आखाजीले," तो हळूच म्हणाला. तोवर दोन्हीकडची माणसं हिशेबाचं बोलत होती. झोका, गौराई, आत्या-भाची हे त्या मसुद्यात कुणी आणलंच नव्हतं. तुम्ही त्याच्या वकिलांनाही बोलावलंत, आणि तिथल्या तिथे ठरलं: आखाजी आईकडे, दुसऱ्या दिवसापासून दोन रात्री बापाकडे, म्हणजे आत्या माहेरी असेपर्यंत भाची भेटते. 'उन्हाळी सुट्टीचा पहिला अर्धा भाग' असं लिहून हे भागलं नसतं. आखाजी तिथीने येते. २०२४ ला १० मे, २०२५ ला ३० एप्रिल. एखाद्या वर्षी सुट्टीत, एखाद्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर. कागद मोघम असला की दरवर्षी त्या एका दिवसावरून भांडण, आणि भांडणाचा अर्ज बोर्डावर येईपर्यंत पावसाळा.

बाकीची कलमं सांगायची तर पानं पुरणार नाहीत, पण तुमच्या दोन-चार दुरुस्त्या लोकांनी वाचाव्यात अशा आहेत. 'पत्नी स्वतःसाठी व मुलीसाठी यापुढे कोणतीही पोटगी मागणार नाही' या ओळीतलं 'मुलीसाठी' तुम्ही खोडलंत. आई स्वतःचं सोडू शकते, लेकराचं सोडणारी ती कोण? तो हक्क मुलीचा. आईने सही केली तरी मुलगी उद्या मागू शकते, पण उद्या म्हणजे नवा दावा, नव्या तारखा. त्याऐवजी मुलीच्या नावाचं खातं, दरमहा ४,००० आणि दर एप्रिलमध्ये १० टक्के वाढ. पोर आज सात वर्षांची आहे. वाढीची ही एक ओळ असल्याने ती अठराची होईल तेव्हा हेच ४,००० अकरा हजारांच्या वर गेलेले असतील. ती नसती तर दर दोन-तीन वर्षांनी वाढीचा अर्ज करत बसावं लागलं असतं.

आणि ते ४,००० तरी कशावरून? आधीच्या कागदांत नवरा 'शेतमजूर' होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंनी मिळकत, मालमत्ता, देणी यांचं शपथपत्र द्यायचं असतं. ते दिलं जातं, भरलं मात्र जात नाही. तुम्ही सातबारा आणि आठ-अ मागितलेत, बँकेच्या पासबुकात पीकविम्याची जमा बघितलीत, आणि वर विचारलंत, "केळीची पट्टी कुठेय?" केळी कापून गाडी भरली की व्यापारी पट्टी देतो, वजन आणि भाव लिहून. रावेर-यावलकडे शेतात पगारपत्रक नसतं, पण पट्टी असते, कापसाची काटापावती असते. सासरे कोपऱ्यात गप्प झाले ते तेव्हा.

एकरकमी रक्कम दोन हप्त्यांत, तीही डिमांड ड्राफ्टने: अर्धी पहिल्या अर्जाच्या दिवशी, अर्धी दुसऱ्या जबाबाच्या दिवशी, मूळ ड्राफ्ट कोर्टासमोर. संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जापासून सहा महिने ते अठरा महिने ही मुदत, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात सहा महिने माफही होतात. बायकांना कोणी सांगत नाही ते तुम्ही तिला सांगितलंत: हुकूमनामा होईपर्यंत मन बदललं तर नाही म्हणता येतं. सही केली म्हणजे पायात बेडी पडली असं नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, बदलणार नाही. पण तिला ते विचारलं गेलं होतं.

जातीच्या दाखल्याचं कलम तर आम्हालाही सुचलं नसतं, आणि आम्ही रोज हेच करतो. पोर आईकडे वाढणार, पण जात पडताळणीला पुरावे लागतात बापाकडचे: बापाचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, बापाचं जातप्रमाणपत्र. अकरावी-बारावीला ही कागदं मागायला त्या दारात जायचं म्हणजे पोरीला नवी शिक्षा. तुम्ही लिहून घेतलंत की साक्षांकित प्रती आजच द्यायच्या, आणि शाळा प्रवेश, दवाखाना, बँक यांसाठी एकट्या आईची सही पुरेल. पोरीची देवाणघेवाण पोलीस ठाण्यात नको म्हणालात. एस.टी. स्टँडची चौकशी खिडकी, वेळ पाचची, अर्ध्या तासाची सवलत. गाड्या उशिरा येतात हे धरून लिहिलेला कोर्टाचा कागद दुर्मीळच.

फीचं लोक विचारतात म्हणून सांगतो. तुम्ही विधी सेवा समितीच्या पॅनेलवरून आलात, तिला एक रुपया पडला नाही. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा असं जे सांगतात त्यांना हे कलम दाखवावं, नाही तर विधी मदतीच्या १५१०० या क्रमांकाला फोन लावावा. आणि फुकटचा वकील म्हणजे हलका वकील, असं म्हणणाऱ्यांनी तुमच्या तारखेला येऊन मागच्या बाकावर बसावं.

जाता जाता तिच्या भावाने विचारलेलं आठवतं, धाकटीच्या लग्नाआधीच करार करून ठेवला तर? तुम्ही हसलात. हिंदू विवाहात असल्या कराराच्या जोरावर कोर्ट काही देत नाही, गोव्याचा कायदा वेगळा. त्यापेक्षा लग्नात काय दिलं-घेतलं त्याची यादी करा, सोन्याचं वजन आणि पावती क्रमांकासकट, दोन्हीकडच्या सह्या घ्या. स्त्रीधन परत मागताना एवढा एक कागद शंभर साक्षीदारांवर भारी पडतो. त्याने घरी जाऊन वही आणली म्हणे.

चांगली माणसं कोर्टात असतातच. नाव दोनदा पुकारणारा शिपाई असतो, लेकरू रडलं तर आतल्या खोलीतून पाणी आणून देणाऱ्या बेंच क्लार्कबाई असतात. त्यांचे आभार कोणी मानत नाही, कारण पुकारा झाला, पाणी प्यालं की माणूस पुढे सरकतो. आम्हीही तसेच सरकलो असतो. पण कलम आठ पुढे सरकू देत नाही.

त्या कलमाचा मजकूर नावं झाकून आमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. गेल्या आठवड्यात चाळीसगावकडच्या एकीने तो वाचून दाखवायला लावला आणि म्हणाली, माझ्याही कागदात हे घाला. तुम्हाला न विचारताच ठेवलाय, ती परवानगी या पत्रातच मागतो.

तुमच्या,
तालुक्यातल्या विधी स्वयंसेविका