जुने गोवेचं बंदर कुठे होतं, कोणी सांगेल का?

मा. संपादक,

पत्र जरा लांबलंय, कापायचं तिथे कापा पण मुद्दा ठेवा. मुद्दा एवढाच की जुने गोवेला रोज बसेसच्या रांगा लागतात, माणसं उतरतात, बॉम जेझस चर्चमध्ये जातात, रस्ता ओलांडून से कॅथेड्रल बघतात, फोटो काढतात, लिंबूसोडा पितात आणि परत बसमध्ये चढून कळंगुटला. मांडवी तिथून चालत पाच-सात मिनिटांवर, पण तिकडे कोणी जात नाही आणि कोणी नेतही नाही. ज्या नदीच्या जोरावर ते अख्खं शहर उभं राहिलं तिच्याकडेच पाठ करून आपण लोकांना शहर दाखवतो.

हे डोक्यात आलं एका सरदारजींमुळे. आमचं रायबंदरला छोटं होमस्टे आहे, दोन खोल्या, येणारे बहुतेक कॉलेजची पोरं किंवा नवीन लग्न झालेली जोडपी. हे गृहस्थ एकटेच आले, साठीच्या आसपासचे, पंजाबातले खन्न्याजवळचे, नांदेडला हुजूर साहिबला माथा टेकून तिथूनच पुढे गोव्यात उतरलेले. घरी पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांची पैदास. सकाळी चहा पिता पिता मला विचारतात, "भाभीजी, वो अरबी घोड़े कहाँ उतरते थे?" आमचे हे पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. आजवर इथे आलेल्या लोकांनी वायफायचा पासवर्ड विचारला, स्वस्तातली दारू कुठे मिळते ते विचारलं, घोडे पहिल्यांदाच.

आणि प्रश्न एकदम रास्त होता हो. दख्खनच्या हवेत चांगला घोडा निपजत नाही, टिकतही नाही, त्यामुळे विजापूरचा आदिलशहा काय आणि विजयनगरचे राय काय, दोघांनाही लढाईचे घोडे समुद्रापलीकडून आणावे लागायचे, अरबस्तानातून, होर्मुझहून, आणि ते उतरायचे गोव्यात. १५१० साली पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला त्यामागे हेही एक कारण होतंच, घोड्यांचा धंदा ज्याच्या हातात त्याच्याकडे दोन्ही राज्यं हात पसरणार हे त्याला पक्कं माहीत होतं. नंतर १५६५ मध्ये तालीकोटला विजयनगर मोडलं तसं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच गेलं. म्हणजे जुने गोवे आधी बाजार होतं, धक्का होता, जकातनाका होता, चर्च नंतर. से कॅथेड्रलचं काम सुरू झालं १५६२ ला, बॉम जेझसचं १५९४ ला. कॅथेड्रलचं काम सुरू होईपर्यंतच बंदर पोर्तुगीजांच्या हाताखाली पन्नासेक वर्षं चालून झालं होतं आणि त्याच्या आधी आदिलशाहीतही ते चालूच होतं, मक्केला जाणारे यात्रेकरूसुद्धा इथूनच जहाजात बसायचे.

तर सरदारजींनी स्कूटर भाड्याने घ्यायची ठरवली आणि तिथे एक तमाशा झाला, तोही सांगते. गाडीवाला म्हणे हेल्मेट घातल्याशिवाय चावी देणार नाही. अरे बाबा, पगडी बांधलेल्या शिखाला हेल्मेटची सूट मोटार वाहन कायद्यातच आहे, कलम १२९, वाचून बघ. तो म्हणतो दंड मला पडतो मॅडम. सरदारजी शांतपणे उभे, त्यांना सवय असणार. शेवटी माझ्या भाच्याने फोनवर कलम काढून दाखवलं तेव्हा कुठे चावी मिळाली, आणि पुढे एका चौकात पोलिसाने थांबवलंच, त्यालाही तेच कलम दाखवावं लागलं. पोलीस बिचारा हसला आणि जाऊ दिलं, पण पर्यटनावर जगणाऱ्या राज्यात एवढी साधी गोष्ट माहीत नसावी म्हणजे काय म्हणायचं.

रायबंदरहून जुने गोवेला आम्ही नदीकाठच्या जुन्या रस्त्याने गेलो. मी त्यांना आधी चर्चेस दाखवली, ती सुंदरच आहेत, त्यात वाद नाही. मग तिथल्या एका गाईडला त्यांनी तोच प्रश्न विचारला. गाईड म्हणाला बंदर बघायचं तर मुरगावला जा सर! मला हसावं की रडावं कळेना. त्याला तरी काय बोलणार, त्याला शिकवलंय तेवढंच तो सांगणार, झेवियर साहेबांचं शव, चांदीची पेटी, सोन्याची घंटा, पुढे चला.

मग आम्हीच उतारावरून खाली गेलो, व्हाइसरॉयच्या कमानीपाशी. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा इथे व्हाइसरॉय होता, त्याने पणजोबाच्या आठवणीत १५९९ मध्ये ती उभारली, आत्ताची आहे ती १९५४ मध्ये परत बांधलेली. लिस्बनहून नवीन व्हाइसरॉय आला की नदीतून येऊन याच कमानीखालून शहरात शिरायचा, शहराच्या चाव्या त्याच्या हातात द्यायचे. नदीच्या बाजूला वर द गामाचा पुतळा. दुसऱ्या बाजूला एका बाईची मूर्ती आहे, हातात तलवार, आणि तिच्या पायाखाली एक माणूस आडवा पडलाय, अंगावर इथल्यासारखा पेहराव. सरदारजी तिथे बराच वेळ मान वर करून थांबले. "ये नीचे कौन है?" मी सांगितलं, हारलेला आदिलशहा म्हणतात, आणि वरची सेंट कॅथरीन, तिच्या सणादिवशी, २५ नोव्हेंबरला, गोवा पडला म्हणून. ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. त्या कमानीखालून आपण रोज स्कूटर घेऊन फेरी गाठायला पळतो, वर कोण कुणाला तुडवतंय हे मान वर करून किती जण बघतो?

कमान ओलांडली की समोर दिवाडी बेटाची फेरी. धक्क्याला गाड्या कशाही लावलेल्या, कडेला प्लास्टिक, एक चहाचा गाडा, दोन माणसं गळ टाकून बसलेली. बंदराबद्दल सांगणारा फलक आम्हाला तरी कुठे दिसला नाही. इथे जहाजं बांधायची नि दुरुस्त करायची गोदी होती, जकातघर होतं, बाजाराचा सरळ रस्ता इथूनच वर शहरात जायचा, हे सगळं मी हात इकडे तिकडे करून सांगत होते आणि मला कळत होतं की मोकळ्या जागेकडे बोट दाखवून माणसाला काही दिसत नाही. तरी त्यांनी जोडे काढले, उतारावर पाणी लागतं तिथपर्यंत गेले, वाकून उताराची चढण बघितली आणि म्हणाले, भरतीच्या वेळी उतरवत असतील, ओहोटीला चिखलात घोडा पाय टाकणार नाही, मोडेल. झालं! एवढ्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं आणि कुठल्या गाईडलाही नाही. घोड्यांत आयुष्य गेलेला माणूस एका नजरेत सांगून गेला. तसंच होत असेल असा माझा दावा नाही, पण येणाऱ्या माणसाला असा विचार करायला जागा तरी द्या ना.

मग फेरीत बसलो, पायी जाणाऱ्याला तिकीटही नाही. माझं तर मत आहे की जुने गोवे बघायचं ते पाण्यातून, मागे वळून. माडांच्या वर कॅथेड्रलचा एकच बुरूज दिसतो, दुसरा १७७६ मध्ये पडला, आणि एवढ्या मोठ्या शहराचं काय झालं असेल हा प्रश्न तिथे आपोआप पडतो. विहिरींचं पाणी खराब, पटकी, मलेरिया, वरून डचांनी मांडवीच्या तोंडाशी नाकेबंदी करून धंद्याचं कंबरडं मोडलं, लोक निघून गेले, व्हाइसरॉय १७५९ ला पणजीला राहायला गेला, १८४३ ला राजधानीही रीतसर पणजी. पलीकडे दिवाडीवर सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ होतं ते पाडलं, देव नार्व्याला गेला आणि तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नव्याने बांधवलं, हे सांगितल्यावर सरदारजींनी तिथेही जायचं म्हटलं आणि गेलो. दिवाडीवरून दुसरी फेरी घेतली की नार्वे. बघा, एका धक्क्यावरून एवढं सगळं जोडलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी ते पणजीहून फेरीने बेतीच्या गुरुद्वाऱ्यात गेले. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी शीख लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन बेतीपर्यंत पोचली होती, समोर मांडवी आणि पलीकडे पणजी, दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त. बेतीच्या काठाला उभं राहून हे आठवणारे किती? आणि मग त्यांनी जाता जाता सांगितलं की गोव्यात यायचं खरं कारण हद्दीवरचं पत्रादेवी. त्यांच्या भागातलं इसरू गाव, तिथले कर्नैल सिंग. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही बांद्याकडून हद्दीत शिरले, पोर्तुगीजांनी गोळीबार केला, सागरच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळी लागली तसे कर्नैल सिंग पुढे झाले आणि तिथेच पडले. वय पंचविशीचं. सरदारजी पत्रादेवीला चप्पल काढून स्मारकापाशी उभे राहिले, मग डबीतून घरची शक्कर काढून आम्हाला दिली. हायवेवरून मुंबईच्या गाड्या सुसाट चालल्या होत्या, एकही थांबली नाही. मुंबईकडून हायवेने गोव्यात शिरणारा माणूस इथून जातो आणि इथे थांबायचं असतं हे त्याला कोणी सांगतच नाही.

आता कोणी म्हणेल पोर्तुगीजांचं बंदर कशाला मिरवायचं. त्यांना माझं म्हणणं, ते बंदर पोर्तुगीजांच्या आधीचं आहे, आणि कमानीवर आपलाच माणूस पायाखाली आहे ते तरी लोकांना नीट सांगा की, लपवून काय होणार. चर्चेस १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत त्यामुळे पैसा नाही असं कोणी म्हणू नये. आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झेवियर साहेबांचं शवप्रदर्शन झालं तेव्हा लाखोंची गर्दी सांभाळलीच ना आपण, रस्ते झाले, मंडप झाले, म्हणजे ठरवलं की होतं.

तर संबंधित खात्याने एवढं करावं. दिवाडीच्या धक्क्याला मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत एक मोठा फलक, त्यावर जुन्या शहराचा नकाशा, गोदी कुठे, बाजार कुठे, जकातघर कुठे. धक्क्यावरचं पार्किंग हलवा. गाईड लोकांच्या ट्रेनिंगमध्ये एक दिवस फक्त नदीवर घ्या, त्यांना होडीत बसवून शिकवा. पणजीहून जुने गोवेला सकाळ-संध्याकाळ एक साधी लाँच सोडा, कॅसिनोच्या बोटींना धक्के मिळतात तर हिलाही मिळेल. पत्रादेवीला हायवेवर दोन्ही बाजूंनी आधीच दिसेल असा बोर्ड आणि गाडी थांबवायला जागा. आणि हो, भाड्याने गाड्या देणाऱ्यांना ते कलम १२९ छापून दुकानात लावायला सांगा, सरदारजी पुढच्या वर्षी घरच्यांना घेऊन येतायत.

आपली,
एक वाचक, रायबंदर