रानपिंगळ्याचा फोटो छापा, पत्ता नको

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात रानपिंगळ्याचा, म्हणजे जंगलातल्या छोट्या घुबडाचा, मोठा रंगीत फोटो आला. पाहून खरंच लय आनंद झाला, कारण मेळघाट म्हटलं की पेपरात एकतर वाघ येतो नाहीतर कुपोषण, तिसरं काही येतच नाही. पण फोटोखाली गावाचं नाव, नाल्याचं नाव, रस्त्यापासून झाड किती लांब आहे, सगळंच छापून टाकलं होतं, आणि त्याच्यासाठीच हे पत्र लिहून राहिलो. आमचं गाव चिखलदरा तालुक्यातलं, तो नाला आमच्यापासून जवळच आहे, आणि फोटो आल्यापासून तिथं गाड्या थांबायला लागल्या.

हा काही साधा पक्षी नाही. काँग्रेस स्थापन करणारे ते ह्यूम, त्यांनीच 1873 मध्ये याची पहिल्यांदा शास्त्रीय नोंद केली. पुढं 1884 नंतर याचा पत्ताच लागला नाही, पक्षी संपला असंच लोक धरून चालले होते. मधे 1914 सालचा म्हणून एक नमुना दाखवत होते पण तो म्युझियममधून चोरून खोटं लेबल लावलेला निघाला, त्या खोट्या जागेमुळे शोधणारे भलतीकडंच शोधत राहिले. शेवटी 1997 च्या नोव्हेंबरात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या जंगलात दिसला, म्हणजे 113 वर्षांनी! नंतर आपल्या मेळघाटातही सापडला. जगात फक्त भारतात आहे, तोही मोजक्याच जंगलांत, आणि त्यात मेळघाट त्याचं मोठं घर आहे.

गावाजवळ चिंचेवर, वडावर बसतो तो पिंगळा वेगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात आणि तो संध्याकाळ झाली की निघतो. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरंच, पंखावर अन् शेपटीवर रुंद पट्टे, पोट पांढरं, पायावर दाट पांढरी पिसं. आणि हा दिवसा फिरतो, सकाळी उन्हात सागाच्या निष्पर्ण फांदीवर उघडा बसून राहते, म्हणून तर फोटोवाल्यांना सोपा जाते. अंडी घालतो झाडाच्या ढोलीत आणि हंगाम ऑक्टोबरपासून ते मे पर्यंत. आता बघा, पर्यटकांची गर्दी पण नेमकी त्याच महिन्यांत, 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह (अरण्यऋषी मारुती चितमपल्ली सरांचा आणि पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा जन्मदिवस म्हणून ठेवलेला) तोही त्यातच, आणि दिवाळीही त्याच्याच आगेमागे. दिवाळीत जादूटोण्यासाठी घुबडं पकडतात हे काही लपून नाही. तुमचा पेपर पक्षीमित्र वाचतात तसा पकडणाराही वाचतो ना साहेब.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. नर सरडा चोचीत धरून फांदीवर बसला होता, ढोली समोरच, मादी आत. या दिवसांत मादी अंड्यांवर बसते आणि नर तिला खायला आणून देतो. खाली दोन गाड्या, चारपाच कॅमेरे, आणि एकानं ब्लूटूथ स्पीकरवर रानपिंगळ्याचाच आवाज लावलेला, थांबला की परत लावायचा. आता नराला वाटते की आपल्या इलाख्यात दुसरा नर घुसला. तो शेपटी झटकत ह्या फांदीवरून त्या फांदीवर, सरडा तसाच चोचीत, ढोलीकडं जायचं नावच नाही. आमच्या गावच्या कोरकू पोरानं, जो गाईडचं काम करतो, हात जोडून स्पीकर बंद करायला सांगितलं तर त्याला म्हणे आम्ही पैसे भरून आलो. गाईडचं दिवसाचं पोट त्या पाहुण्यांवर चालते, तो जास्त बोलणार तरी किती?

आवाज न लावता पक्षी दिसत नाही हे म्हणणं साफ खोटं आहे. तोच पोरगा मला म्हणाला, दादा बुलबुल आणि कोतवाल एका झाडावर कल्ला करून राहिले की समजायचं तिथं पिंगळा नाहीतर शिक्रा बसला आहे, थोडं थांबायचं, आपोआप दिसते. आणि खरंच दिसला. पण त्याला पायी चालावं लागते, गप्प राहावं लागते, वेळ लागतो. जिप्सीत बसून वाघाच्या मागं धावताना ते जमत नाही.

म्हणून वन विभागाला विनंती की गेटवर पावती देतानाच लिहून द्या, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा नाही, ढोलीपासून लांब राहायचं, आणि वाजवला तर त्या माणसाचा प्रवेश बंद. गाईडला नाही म्हणायचा अधिकार लेखी द्या, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडू नये. सकाळच्या पहरी पायी फिरायचे पक्षीमार्ग वाढवले तर गावातल्या पोरांना कामही मिळेल. आणि वाळलेली, ढोल्या असलेली जुनी झाडं मोडकी म्हणून तोडू नका, रानपिंगळ्याचं घर तेच आहे.

आपल्याला विनंती एवढीच, फोटो जरूर छापा, मोठा छापा, लेकरांनी पाहिला पाहिजे. पण जागा लिहायची तर फक्त 'मेळघाट' लिहा. आणि मागच्या रविवारचा तो मजकूर आपल्या वेबसाइटवर अजून तसाच आहे, त्यातलं गावाचं अन् नाल्याचं नाव आजच काढून टाका.

आपला,
एक नियमित वाचक
ता. चिखलदरा, जि. अमरावती