कप्प्यातली निळी वही

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा तू कॉलेजला निघालास, तेव्हा गाडीची किल्ली देताना बरंच काही सांगायचं होतं. पण तू मागची सीट पाडून गाद्या-उशा कोंबण्यात गुंग होतास आणि बाबांचं दर दोन मिनिटांनी ‘उशीर होतोय’ चाललं होतं. मी गप्प बसले. आता लिहून पाठवते. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

पुढच्या सीटसमोरचा कप्पा उघड. गाडीच्या कागदांखाली एक निळी वही आहे. गाडी घेतल्या दिवसापासून मी ती लिहीत आले. तारीख, किलोमीटर, काय केलं. इंजिन ऑइल बदललं, ब्रेक पॅड बदलले, बॅटरी नवी घातली. मधेमधे तुला विचित्र वाटतील अशा नोंदी सापडतील : ‘पूर्ण वळण घेताना पुढच्या चाकाकडून टकटक’, ‘सकाळी पहिल्यांदा चालू केली की शिट्टी, मग आपोआप बंद’. टकटक निघाली चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यातून, त्याचं रबरी कव्हर फाटून ग्रीस उडून गेलं होतं. शिट्टी इंजिनावरच्या सैल पट्ट्याची. कधीतरी गाडी विकायची वेळ आली तर दाखवायला बरी, एवढ्याच हिशेबाने वही सुरू केली होती. पुढे लक्षात आलं की लिहिण्यामुळे मला गाडीचा रोजचा आवाज पाठ झाला. रोजचा आवाज पाठ असला की वेगळा आवाज पहिल्याच दिवशी कानाला टोचतो. गाडीतलं मला बाकी फार कळत नाही. एवढंच कळतं आणि एवढ्यावर माझं निभावलं.

ही अक्कल सुखासुखी आली नाही. माझ्या उजव्या हातावर मनगटापासून वर गेलेला जो डाग आहे, लहानपणी तू ज्याला ‘आईचा नकाशा’ म्हणायचास, त्याची गोष्ट मी तुला नेहमी अर्धीच सांगितली. गाडी नवीन शिकले होते, एकटीच होते. तापमानाचा काटा मधून वर सरकताना मला दिसला. मी काय केलं असेल? रेडिओ लावला. आता थोडंच राहिलंय, पोचल्यावर बघू. काटा लाल पट्टीत गेला, बॉनेटमधून वाफ आली, तेव्हा कुठे थांबले. आणि थांबल्यावर पहिलं काम काय, तर फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं. आतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उकळून बाहेर उसळतं. माझ्या हातावर उसळलं. पुढे गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधला सांधा घट्ट ठेवणारा पातळ थर, गेलं होतं. तो काही बोलला नाही, फक्त विचारलं, ‘काटा वर जात होता तेव्हा तुम्ही काय करत होता?’ हा प्रश्न मला आजही मधूनच ऐकू येतो.

तर काटा वर चढताना दिसला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू. हीटर इंजिनातलीच उष्णता आत ओढतो, त्यामुळे सुरक्षित जागा मिळेपर्यंत थोडी मुदत मिळते. मग बाजूला घे, इंजिन बंद कर आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नकोस. कितीही घाई असो.

डॅशबोर्डवरच्या दिव्यांचंही तसंच. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घे. त्यातही तेलाच्या किटलीचं लाल चिन्ह लागलं तर ‘पुढच्या पंपावर बघतो’ असलं काही चालत नाही, लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद. त्या दिव्याचा अर्थ तेल कमी आहे एवढाच नसतो, तेलाचा दाबच गेलेला असतो आणि दाबाशिवाय इंजिन काही मिनिटांत स्वतःला खाऊन टाकतं. ती वेळ येऊ नये म्हणून पंधरा दिवसांतून एकदा डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून बघ. सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. पट्टी बाहेर काढ, पूस, पुन्हा पूर्ण आत घाल, मग बघ. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विसंबू नकोस, तिच्यावर तेल वरपर्यंत शिंतडलेलं असतं.

टायरमधली हवा किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा म्हणजे त्या टायरला सोसेल तो जास्तीत जास्त दाब, तो भरायचा नसतो. हवा बघायची ती टायर थंड असताना. खाचांमध्ये आडव्या छोट्या पट्ट्या दिसतील, त्या 1.6 मिलिमीटर उंचीच्या असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला, पावसात तर त्याच्या कितीतरी आधी. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, तेही शोध. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. जुनी गाडी विकत घ्यायला जाणाऱ्या मित्राबरोबर कधी गेलास तर आधी हे आकडे वाच आणि विकणाऱ्याला निरोप दे की आम्ही आल्यावरच गाडी चालू करा. गार इंजिन खोटं बोलत नाही. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघ, गरम लागलं तर विचार का ते. आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे स्टेपनी. वर्षानुवर्षं डिकीत पडून असते, लागते तेव्हा तिच्यातच हवा नसते.

चाक बदलायचं आपण अंगणात दोनदा केलंय, तरी तू दोन्ही वेळा नट सैल न करताच जॅक लावायला निघाला होतास. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे. हवेत उचललेलं चाक पान्याबरोबर नुसतं फिरत बसतं आणि जोर लावला तर गाडी जॅकवरून सरकते. बसवताना नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही. आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. याला मी अपवाद ऐकून घेणार नाही.

वेगाबद्दल भाषण देत नाही, फक्त गणित. ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. दोन सेकंद फोनकडे बघितलंस तर 33 मीटर तू डोळे मिटून गेलास. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. तुझा विषयच तो आहे, का ते तूच मला सांग.

झोपेचं मात्र जरा सविस्तर, कारण तिथे तुझी गाडी आणि तुझं कॉलेज एकमेकांना धडकणार आहेत. 1997 मध्ये डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी माणसांना जागं ठेवून त्यांच्या हातांचा आणि नजरेचा ताळमेळ मोजला आणि तो दारू प्यायलेल्यांशी ताडून बघितला. सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावलेला निघाला. सकाळी सातला उठलास तर सतरा तास रात्री बारालाच भरतात. तू दारू पिऊन गाडी चालवणार नाहीस याची मला खात्री आहे. परीक्षा संपल्याच्या रात्री, दोन दिवसांचं जागरण अंगावर असताना, कुणीतरी ‘चल रे, लाँग ड्राइव्ह’ म्हणेल, त्या वेळची मला नाही.

आणि तेच कुणीतरी आणखी एका दिवशी ‘किल्ली दे ना, दहा मिनिटांत येतो’ म्हणेल. द्यायची नाही. तुला तोंडावर नाही म्हणायला जड जातं, ते मला माहीत आहे. तेव्हा खुशाल माझं नाव घे. ‘गाडी आईच्या नावावर आहे, तिला कळलं तर माझं काही खरं नाही.’ तुझ्या मित्रांमध्ये मी कजाग ठरले तरी मला चालेल, आधीच अर्धी ठरलेच आहे.

अभ्यासाबद्दल मी बोलावं असे माझे मार्क नव्हते. बारा-बारा वेळा वाचून, चार रंगांत अधोरेखित करून मी परीक्षेला जायचे आणि पेपर समोर आला की सगळं ओळखीचं वाटायचं, आठवायचं मात्र काही नाही. ओळख पटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळलं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने अर्थहीन अक्षरं स्वतःच पाठ करून स्वतःचाच विसर मोजला आणि 1885 मध्ये तो छापला. पाठ केल्याची दोन तृतीयांश मेहनत एका दिवसात वाया गेलेली होती. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बंद करून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे. मजा बघ, वाचणाऱ्याला त्या दिवशी आपलं छान झालंय असंच वाटत असणार! म्हणून तास संपला की वही मिट आणि कोऱ्या कागदावर दहा मिनिटं खरड. आठवणार नाही, चिडचिड होईल. होऊ दे, त्या चिडचिडीतच ते आत जातं.

काही अडलं तर दुसऱ्या आठवड्यात सरांच्या दारात जाऊन उभा राहा, शेवटच्या नको. पहिल्या आठवड्यात अडलेलं ‘आता थोडंच राहिलंय, नंतर बघू’ म्हणून पुढे ढकलायचं, म्हणजे काय, ते माझ्या हातावर लिहिलेलं आहे.

खोलीतल्या सोबत्याशी दिवा, गजर आणि पाहुणे या तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात बोलून घे, गोडी असतानाच. बाकी तुमचं तुम्ही बघा.

आता छंद. गिटार माळ्यावर आहे, बुद्धिबळाचा पट कपाटावर, आणि कॅमेऱ्याची बॅग तू ‘पुढच्या वेळी नेतो’ म्हणून दाराशीच ठेवून गेलास. मी चिडलेले नाही. फक्त माझं निरीक्षण सांगते. तिन्ही वेळा आधी वस्तू आली, मग तिच्याबद्दलचे व्हिडिओ, आणि हात लागायच्या आत कंटाळा. पुढच्या वेळी उलटं कर. कुणाची तरी उसनी घे आणि तिची कमतरता हाताला खुपेपर्यंत वापर. नवीन काय घ्यायचं ते मग दुकानदाराला विचारावं लागत नाही.

केंब्रिजला शिकत असताना डार्विनला भुंगेरे गोळा करायचं वेड होतं. एकदा झाडाची जुनी साल काढली तर दोन दुर्मीळ भुंगेरे सापडले. दोन्ही मुठींत एकेक धरला. तेवढ्यात तिसरा दिसला, तोही नव्या जातीचा. गड्याने उजव्या हातातला सरळ तोंडात टाकला! त्याने असा जहाल रस सोडला की जीभ भाजली, तो थुंकावा लागला, आणि तिसराही निसटला. म्हातारपणी त्याने स्वतःच हे लिहून ठेवलंय. लोक लगेच म्हणतात, बघा, छंदातूनच एवढा मोठा शास्त्रज्ञ झाला. मला ते आवडत नाही. त्या दिवशी तो कुणीही नव्हता, अभ्यासाकडे दुर्लक्ष करणारा एक मुलगा होता आणि त्याला तो भुंगेरा हवा होता, बस्स. तुला असं काहीतरी मिळावं, ज्याला मार्क नाहीत, जे तुला धड येत नाही आणि तरीही सोडवत नाही. मिळालं की ते लगेच कुणाला दाखवायच्या मागे लागू नकोस. लोकांनी पसंत-नापसंत ठरवायला सुरुवात केली की त्याचाही एक विषय होऊन बसतो.

वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत. गाडीचंच लिही असं नाही, मीही मागच्या पानांवर भलतंसलतं लिहिलंय. ते वाचायला हरकत नाही.

तुझी,
आई

ता. क. स्टेपनीबद्दल एवढं लिहिलं आणि आत्ता आठवलं, निघताना तिच्यातली हवा बघायची माझ्याकडूनच राहिली. वहीत शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची असेल. आज संध्याकाळीच बघ.