कॅज्युअल्टीतलं शिकणं ड्युटीत धरा

माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री, कर्नाटक सरकार यांस,
सविनय नमस्कार.

मी बेळगाव सीमाभागातल्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टीची, म्हणजे तातडीच्या विभागाची, सिस्टर आहे. हेच पत्र कन्नडमधून आपल्या कार्यालयाकडे धाडलं आहे. मराठीत लिहिलं ते स्ट्रेचरमागे धावणाऱ्या नातेवाइकांनीही वाचावं म्हणून. यात सीमाप्रश्न नाही, काळजी नसावी.

ऊस सुरू झाला की आमच्याकडे निपाणी-संकेश्वरकडून बिनदिव्याच्या ट्रॉलीवर आदळलेले मोटारसायकलवाले येतात. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यातून सर्पदंश. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, दाताची खूणही बऱ्याचदा सापडत नाही. माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून येतो, नवा इंटर्न ॲसिडिटीचं इंजेक्शन लिहितो. त्याला दोष तरी कसा द्यायचा? पापण्या जड झाल्यात का बघ, एका दमात आकडे मोजायला लाव, हे त्याला रुग्णाशेजारी उभं राहून कुणी दाखवलेलंच नसतं. आकडे कमी होत गेले तर नुसत्या प्रतिविषावर भागत नाही, श्वासनळीत नळी घालायची तयारी ठेवावी लागते. घोणस-फुरशाचा संशय असेल तर दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग गोठलं का ते पाहायचं. पाचव्या मिनिटाला नळी हलवून बघणारे डॉक्टर मी पाहिलेत. २०२४ साली राज्याने सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, ते बरंच झालं. फॉर्म आम्ही नेमाने भरतो.

वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीचे दोन आठवडे. त्यातले निम्मे नमुने लॅबला पोचवण्यात आणि बेड शोधण्यात जातात. रात्री सिनियर ‘ऑन कॉल’, म्हणजे फोनवर. आमचं प्रशिक्षण होतं, नाही असं नाही. नाइट संपवून तसंच सकाळी नऊला सीपीआरच्या, म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू ठेवण्याच्या, वर्गात बसायचं, सही करायची, फोटो काढायचा. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, हे मात्र पुतळ्यावर पुन्हा पुन्हा सराव केल्याशिवाय घाईत जमत नाही.

म्हणून मागणी एकच. प्रत्येक शिफ्टमधला अर्धा तास शिकण्यासाठी राखून ठेवा, तो ड्युटीत मोजा, आणि त्यात इंटर्नबरोबर सिस्टर, वॉर्डबॉय, ॲम्ब्युलन्सवालेही घ्या. शिकवणारा सिनियर रात्रीही जागेवर हवा. आपत्कालीन वैद्यक हा विषय २००९ पासून एमडीला आहे, तरी २०२३ च्या राष्ट्रीय निकषांत एमबीबीएस कॉलेजांना हा विभाग बंधनकारक राहिला नाही. राज्याला तो आपल्या कॉलेजांत उभारायला कुणी अडवलेलं नाही.

याच अर्ध्या तासात मनाचंही काही व्हावं. निवासी डॉक्टरांनी आठवड्याला ४८ तास काम करावं असं केंद्राने १९९२ साली म्हटलं, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरच्या २०२४ च्या राष्ट्रीय कार्यगटाने ७४ म्हटलं. आमच्या इथल्या डॉक्टर मुलांना दोन्ही आकडे ऐकून हसू येतं. मारहाण झाली तर २००९ चा राज्याचा कायदा आहे, पोलीस येतात. पण मूल दगावलं की सिस्टरने हात धुवायचे आणि पुढच्या स्ट्रेचरकडे जायचं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ भिंतीवर लावलाय, सोय चांगली आहे. त्याआधी हवीत ती तिथल्या तिथे बसून बोलायची दहा मिनिटं: काय झालं, काय राहून गेलं, कुणाला आज घरी पाठवायला हवं. चूक कुणाची, हे त्यात विचारायचं नाही. आणि बायकांसाठी आतून कडी लागणारी एक खोली. वेलनेसच्या नावाखाली योगाचा कार्यक्रम तेवढा नको.

हिवाळी अधिवेशनाला आपण बेळगावच्या सुवर्णसौधला, विधानभवनात, येताच. एखाद्या रात्री दोननंतर जवळच्या सरकारी कॅज्युअल्टीत या, पण न कळवता. कळवून आलात तर त्या रात्री सिनियर हजर असतील.

आपली,
कॅज्युअल्टीतली एक सिस्टर